धोंडूबाईच्या नावाची गाडी

वीस किलोचं लोखंडी वजन उचलायचं तर कंबर वाकवायची नाही, गुडघे वाकवायचे. धम्मदिनाला हे कुणी शिकवलं नाही. पहिल्या आठवड्यात तिची पाठ धरली, दुसऱ्या आठवड्यापासून ती नीट उचलू लागली. गोदामांतले वजनकाटे तपासायचे आणि बिघडले तर दुरुस्त करायचे, हे तिचं काम. काटा तपासायला त्यावर शिक्क्याची वजनं ठेवून बघावं लागतं, म्हणून ती वजनं सोबत न्यावी लागतात. दहा नग, दोनशे किलो. रिक्षावाला एवढं ओझं बघूनच पुढं निघून जातो. त्यामुळे कोन गावची ही तेवीस वर्षांची मुलगी तीन वर्षं फर्मच्या टेम्पोत, मोठ्या कारागिराची मदतनीस म्हणून फिरत होती. काम तिला त्याच्याइतकंच येत होतं. पगार मात्र मदतनिसाचा.

मेच्या पहिल्या आठवड्यात फर्मचे मालक मुश्ताकभाई यांनी दोघांना समोर उभं केलं, धम्मदिनाला आणि दुसरा मदतनीस दीपेशला.

"अंजूर ते खारबाव, सगळ्या गोदामांची पूरी लाइन आता एकाच माणसाला देणार. हाताखाली नाही, स्वतंत्र. पण गाडी स्वतःची पाहिजे आणि कागद स्वतःच्या नावाचे. गेल्या वर्षी एकाने मामाची गाडी नेली, गोदामवाल्यांनी गेटवरून परत पाठवली. बोलणी मला खावी लागली. एक जूनला जो कागद दाखवेल, लाइन उसकी."

दीपेश गालातल्या गालात हसला. त्याने जुनी गाडी आधीच बघून ठेवली होती.

धम्मदिनाला लायसन मिळून पाच महिने झाले होते. तीन वर्षांच्या शिलकीतून तिने अंजूरच्या केसरीनाथकडून आठ वर्षं जुनी छोटी गाडी घेतली. इंजिन तिने स्वतः ऐकलं, टायर बघितले, गाडीखाली झोपून गंज बघितला. कागद मात्र चावी हातात आल्यावर बघितले. ही तिची चूक. मालकाच्या रकान्यात केसरीनाथचं नाव नव्हतं. त्याच्या आईचं होतं, धोंडूबाई.

"आमच्याकडं गाडी आयेच्याच नावानं घेतात," केसरीनाथ अभिमानाने म्हणाला. त्याच्या शेतावर आता गोदामं उभी होती आणि अंगणात गाड्या. "जमीन तिची, तवा गाडी पन तिची. सात गाड्या हायेत आयेच्या नावाव. डंपर धरून."

"मग नाव कधी बदलायचं?"

"कशाला बदलतेस? आयेचं नाव पुसायचं न्हाय, गाडी लाभत न्हाय मग. याच्या आदी दोन इकल्या, दोन्ही आजून तिच्याच नावाव फिरतात. तू बी फिर बिनधास्त."

गाडीचा विमा अठ्ठावीस मेला संपत होता. अंजूरफाट्यावर विमा उतरवून देणारा कुणाल बसायचा. त्याने गाडीचा नंबर टाकला, तिचं लायसन उलटसुलट केलं आणि दर सांगितला. अकरा हजार चारशे.

"एवढा? कशाचा?"

"नवीन लायसन, ताई. वय कमी. त्यात..." तो अडखळला.

"त्यात काय?"

"लेडीज ड्रायव्हर."

"लेडीजचा दर कुठे लिहिलाय? दाखवा."

"कागदावर नसतं ते. सिस्टिममध्ये असतं."

"मग सिस्टिम दाखवा."

कुणालने स्क्रीन हळूच आपल्याकडे वळवून घेतली. "ताई, तुम्हाला स्वस्तात पाहिजे ना? म्हातारीच्या नावानेच भरा. तिचा आठ वर्षांत एक क्लेम नाही. म्हणून पन्नास टक्के बोनस, म्हणजे सूट आहे. पाच हजारात काम होतं. सगळे असंच करतात."

पाच हजार तिच्याकडे होते. अकरा नव्हते.

घरी वडिलांनी, नरेंद्रांनी, ऐकून घेतलं. तीस वर्षं त्यांनी लूम दुरुस्त केले होते. फुकट गेलेला पैसा आणि फुकट गेलेली मेहनत, दोन्हींचा त्यांना राग. "पाच हजारात होतंय तर करून टाक. नाव काय, पुढच्या वर्षी बदलू."

"मुश्ताकभाई एक तारखेला बघणार, बाबा. पुढच्या वर्षी नाही."

"मग त्यांना सांग, नाव बदलायला टाकलंय."

ती जुनी पॉलिसी घेऊन खाली बसली. बारा पानं, बारीक अक्षर, सगळं इंग्रजी. शब्द अडला की मोबाइलमध्ये बघायचा, समासात पेन्सिलीने अर्थ लिहायचा. दोन संध्याकाळी गेल्या. दुसऱ्या संध्याकाळी नवव्या पानावर ती थांबली.

"बाबा, यात अपघाताचं संरक्षण आहे. पंधरा लाख. गाडी चालवणाऱ्या मालकाला."

"मग चांगलंय की."

"मालक कोण? धोंडूबाई. चालवणार कोण? मी. मला काही झालं तर तुम्हाला काय मिळणार?"

"असलं बोलू नये."

"मी नाही, कागद बोलतोय. आणि म्हातारीला तरी कुठे मिळणार? तिच्याकडे लायसन नाही. म्हणजे दरवर्षी पैसे भरायचे आणि कुणालाच काही नाही."

नरेंद्रांनी पान हातात घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघितलं. "भर," शेवटी म्हणाले. "पण तुझ्या नावाने भर. आणि फाट्यावरच्या त्या पोराकडे नको."

धम्मदिनाने एक दिवसाची रजा टाकली आणि कल्याणला गेली. तिथे विमा कंपन्यांची तीन कार्यालयं तिने एका दिवसात पायी केली. पहिल्या खिडकीवर तिने सरळ विचारलं, "नवीन लायसनचा जादा दर कुठल्या ओळीत असतो?"

खिडकीवरच्या बाईंनी मान वर केली. "अशी ओळच नाही. दर गाडीवर असतो. इंजिन केवढं, गाडी किती जुनी, तुम्ही आधी दावा घेतलाय का. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"फाट्यावर."

बाई हसल्या. मग त्यांनी दोन गोष्टी नीट सांगितल्या. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही. म्हातारीचा बोनस दाखवून विमा घेतला आणि उद्या दावा टाकला, तर तिथेच अडकणार. दुसरी गोष्ट, जुना विमा चालू आहे तोवर गाडी आपल्या नावावर करून घ्यायची. विमा संपला की आरटीओतलं काम अडतं.

धम्मदिनाने वही काढली. एकेक रक्कम कशाची, ते विचारत गेली. चावी हरवली तर, नको. रस्त्यात बंद पडली तर मदत, नको. बंद पडलेलं तिला स्वतःला बघता येत होतं. दुसऱ्याच्या नुकसानीचं कायद्याने घ्यावंच लागतं. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं तिने ठेवलं, कारण गाडी गेली तर लाइन गेली. दाव्यातले पहिले अडीच हजार आपण सोसू असं लिहून दिलं की दर आणखी उतरतो, हे तिला दुसऱ्या कार्यालयात कळलं. तिसऱ्यात तिने तेच मागितलं आणि दर आला सहा हजार आठशे. म्हातारीचा बोनस न घेता. उरलेले अठराशे दोन आठवडे जादा काम करून उभे राहणार होते.

आता राहिलं नाव.

अंजूरला पहिली खेप फुकट गेली. केसरीनाथ घरी नव्हता. दुसऱ्या खेपेला तो होता, पण म्हणाला, आये झोपलीय. तारीख अकरा झाली होती. आरटीओत नाव बदलायला दहा-बारा दिवस धरायलाच हवे होते. तिसऱ्या खेपेला ती सकाळी सातलाच गेली. केसरीनाथ अजून आंघोळीला होता. धोंडूबाई अंगणात पाटावर बसून सुका जवळा निवडत होती.

"कोन गो तू?"

"कोनची धम्मदिना. तुमची गाडी मी घेतली, आजी."

"माजी?" म्हातारीचा हात थांबला. "माजी कंची गाडी? मना सायकल पन येत न्हाय."

"तुमच्या नावावर सात गाड्या आहेत, आजी. एक डंपर आहे. विकलेल्या दोन वेगळ्या."

"मना कोनी सांगलं न्हाय."

एवढ्यात केसरीनाथ टॉवेल गुंडाळून बाहेर आला. "आये, तू नको ध्यान देऊ. ती नाव बदलाय सांगते. आपल्यात तसं न्हाय करत."

धम्मदिना त्याच्याकडे वळली नाही. ती म्हातारीसमोर खाली बसली. "आजी, मला गाडी येऊन पाच महिने झालेत. उद्या माझ्या हातून कुणाला धक्का लागला, तर कोर्टाचा कागद तुमच्या नावाने येणार."

"मना? मी घरान बसलेली, न् कागूद मना?"

"गाडी तुमची, म्हणून."

"न् तू कुटं आसशील तवा?"

"मी पण कोर्टातच. तुमच्या शेजारी."

म्हातारी खुदकन हसली. पण हसू लगेच गेलं. तिने मान वळवली. "केसऱ्या, त्यो डंपर बी माज्याच नावाव हाय?"

"आये, तो निस्ता कागदाव..."

"न् त्या इकलेल्या दोन कोन चालवतो?"

केसरीनाथने टॉवेल घट्ट केला. त्याला ठाऊक नव्हतं.

"चालीस वर्सं मी खाडीन उतरले, कोलंबी धरली, बाजारान जाऊन इकली. कंदी पोलीस दारान आला न्हाय. आता तू आननार?" तिने जवळ्याचं सूप बाजूला सारलं. "आन गो पोरी तुजा कागूद."

"आये, लाभ न्हाय होत अशानं..."

"तिचा लाभ ती बघल. तू पेटी आन अंगठ्याची."

धोंडूबाईला सही येत नव्हती. पहिला अंगठा फसला, बोटाला जवळ्याचं तेल होतं, शाई पसरली. धम्मदिनाने म्हातारीचा हात साबणाने धुतला, पदराने न पुसता सुक्या फडक्याने पुसला, शाई पातळ लावली आणि अंगठा एका कडेकडून दुसऱ्या कडेला सावकाश फिरवला. रेष न् रेष उमटली. प्रत्येक कागदावर तसाच. मग म्हातारीच्या नातवाच्या मोबाइलवर आलेला ओटीपीचा आकडा घेतला, अर्ज तिथेच अंगणात बसून भरला. सगळ्याला दीड तास लागला. घाई केली असती तर चौथी खेप झाली असती.

ती निघताना म्हातारी केसरीनाथला म्हणत होती, "आता त्या गाड्या घेनाऱ्या दोगांना बोलाव. आजच."

तेवीस मेला गाडी धम्मदिनाच्या नावावर झाली. सत्तावीसला तिने विम्याचे पैसे भरले. संध्याकाळी कुणालचा फोन आला. "ताई, सिस्टिममध्ये रेट उतरलाय. सात हजारात देतो."

"उतरला का? लेडीज ड्रायव्हरचं वय वाढलं असेल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

एक जूनला दोघांनीही कागद टेबलावर ठेवले. मुश्ताकभाईंनी चष्मा लावला. दीपेशच्या पॉलिसीवर कुणा भलत्याच माणसाचं नाव होतं. त्याने ती फाट्यावर, कुणालकडे भरली होती.

"ये कौन है?"

"आधीचा मालक. बोनस मिळतो, भाई. पुढच्या महिन्यात नाव..."

मुश्ताकभाईंनी तो कागद परत सरकवला. धम्मदिनाचा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग वर बघितलं. "अजून उभी का? खारबावला काटा बंद पडलाय. दहाला ट्रक लागतील."

ती निघाली. रस्ता खराब होता, तिने गाडी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही. मागून डंपरवाले हॉर्न मारत होते, तिने मारू दिले. गोदामाच्या गेटवर पहारेकऱ्याने हात आडवा केला, लायसन मागितलं, विमा मागितला, दोन्हींवरचं नाव अक्षर लावून ताडून बघितलं.

"गाडी किसकी है?"

"मेरी."

त्याने दांडा वर केला. काट्याच्या पायाखाली माती अडकून बसली होती. ती काढून काटा चालू व्हायला पन्नास मिनिटं लागली. पहिला ट्रक तेव्हा नुकताच गेटातून आत वळत होता.