बापू, फुरका मारा हलका

हर्षालीचे सासरे, सगळ्यांचे बापू, चहा बशीत ओतून घेत. आणि नुसता पीत नसत बरं का, फुरका मारत! निफाडकडच्या त्यांच्या गावात फुरका म्हणजे चहाला दिलेली दाद. पाहुणा मुकाट चहा प्यायला, तर घरची बाई विचारणार, साखर कमी पडली का?

हर्षालीला मात्र तो फुरका सुईसारखा कानात घुसे. छातीत धडधड, मुठी आवळलेल्या, आणि संताप असा की बशीच हिसकावून घ्यावी! लहानपणापासूनचं हे दुखणं. कुणी मचमच जेवलं की ही ताट घेऊन दुसऱ्या खोलीत. आई म्हणायची, "नुसते नखरे!"

पण बापू म्हणजे देवमाणूस. सून ऑफिसमधून दमून आली की द्राक्षं धुऊन तिच्यापुढे ठेवणारे. अशा माणसाचा राग यावा, याचीच तिला लाज वाटे. म्हणून बापूंनी बशी उचलली की ही निघाली गच्चीवर, तुळशीला पाणी घालायला. आता एका तुळशीला पाणी लागून लागणार किती? बिचारी कुजायला आली.

बापूंच्याही ते लक्षात आलं. द्राक्षाची बाग थोरल्याच्या हवाली करून ते नाशिकला धाकट्या रोहितकडे, मोठ्या हौसेने राहायला आले होते. एका संध्याकाळी त्यांनी पिशवी काढून ठेवली. "पुढच्या आठवड्यात सत्यनारायण झाला का मी गावाला जाईन," ते रोहितला म्हणाले. "सूनबाईला माझं राहणं जड होतंय रे. मी टेकलो का ती उठती."

स्वयंपाकघरात हर्षालीला रडूच फुटलं.

दुसऱ्याच दिवशी तिने कानाचा डॉक्टर गाठला. तो म्हणाला, "कान एकदम ठणठणीत!" आणि त्याने तिला वेदिका मॅडमकडे धाडलं. त्या समुपदेशक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदाही हसल्या नाहीत. "हे नखरे नाहीत," त्या म्हणाल्या. "काही जणांना ठरावीक आवाज असेच झोंबतात. आपण हळूहळू मार्ग काढू. चहाच्या वेळी पंखा, रेडिओ लावून बघा. पण आधी घरात सांगा."

चला, म्हणजे आपण वेड्या नाही! हर्षालीला हायसं वाटलं. पण सांगायचं कसं? सासऱ्याला 'फुरका मारू नका' म्हणणारी सून अजून जन्माला यायची होती. रोहितला गळ घातली, तर तो पठ्ठ्या म्हणाला, "मला नको बाई त्यात पाडू."

सत्यनारायण झाला. प्रसाद झाला, चहा आला, आणि बायकांनी हर्षालीला घेरलं. "नाव घे! नाव घे!" समोर बापूंनी बशी ओठांना लावलेली. हिच्या तोंडून निघून गेलं:

"द्राक्षाच्या बागेत पाखरांचा गलका,
रोहितरावांचं नाव घेते, बापू, फुरका मारा हलका!"

थोरल्या जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. हर्षालीने जीभ चावली. अगं बाई, हे काय बोलून बसले मी! पण आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता. गच्ची, तुळस, डॉक्टर, मॅडम, तिने सगळं एका दमात सांगून टाकलं.

बापूंनी बशी खाली ठेवली. "म्हंजे तुला फुरका नको व्हता? मी नाय?"

"तुम्ही कसे नको असाल, बापू!"

"मग येडे, आधी नाय का सांगायचं! मी इथं लय झुरलो ना!" डोळे पुसता पुसता ते हसायला लागले. "मलाबी कुणी ताटात चमचा खरवडला का अंगावर काटा येतो. तुझा नवरा रोज खरवडतो. मी कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बापू बशी घेऊन गच्चीवर गेले. हर्षाली खाली पंखा लावून आपला कप घेऊन बसली. थोड्या वेळाने जिन्यातून हाक आली, "झाला गं माझा फुरका! येऊ का खाली?"

"या ना, बापू!"

ते आले, रिकामी बशी ओट्यावर ठेवली आणि तिच्या शेजारी टेकले. ती उठली नाही.