हॉबर्टच्या पाठीवरचं वजन

डेल्फा रिगिन्सने आयुष्यभर शाळेची बस चालवली. आमच्या ओझार्कच्या डोंगरात रस्ते खडीचे, वळणाचे आणि मध्येच ओढ्यातून जाणारे. तरी तिच्या बसला उशीर झाल्याचं कुणाला आठवत नाही. पोरं तिला टरकून असायची. घराचं दार उघडून आतलं कुणी दिसत नाही तोवर ती लहान पोराला उतरवायचीच नाही, मग मागच्या गाड्यांनी कितीही भोंगे वाजवू देत.

तिचा नवरा रॉइस अगदी उलट. त्याला काही घाई नसायची आणि गप्पांना अंत नसायचा. ट्रॅक्टरखाली डावा गुडघा चेपल्यापासून तो घोड्यावर उजवीकडून चढायचा. सगळी दुनिया डावीकडून चढते. आम्ही त्याची टर उडवायचो. तो म्हणायचा, "माझा घोडा शहाणा आहे, त्याला दोन्ही बाजू कळतात. तुझ्या खेचराला एक तरी कळते का, वेंडल?" वेंडल म्हणजे मी, आणि खेचर म्हणजे माझी मेबल.

रॉइसच्या घोड्याचं नाव हॉबर्ट. तांबूस, रुंद छातीचा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डेल्फाची घोडी पर्ल, करडी आणि तिच्या मालकिणीसारखीच कडक. वसंतात आणि पानगळीत आम्ही सगळे ट्रेलरमध्ये जनावरं घालून स्पाइस हॉलोच्या तळावर मुक्कामाला जायचो. सरकारी जंगलातला तळ तो. दोन झाडांमध्ये डोक्याच्या उंचीवर दोर ताणायचा, त्याला घोडे बांधायचे, दिवसभर पायवाटांवर हिंडायचं आणि उन्हं उतरली की विस्तवाभोवती बसायचं. ओढ्याकाठची शेवटची जागा रिगिन्सांची. डेल्फाच्या लोखंडी कढईतल्या कॉर्नब्रेडचा, मक्याच्या पावाचा, वास आला की आमच्यातली बर्निस हॅक आपली खुर्ची उचलून तिकडे जायची, बोलावण्याची वाट न बघता.

त्या पानगळीत एका दुपारी रॉइस एकटाच फिरून येतो म्हणून निघाला. डेल्फा घेवडे शिजत घालत होती. बऱ्याच वेळाने हॉबर्ट एकटा परत आला.

एकटा परतलेला घोडा आम्ही पाहिलेला होता. तो उधळत येतो, लगाम पायात अडकून तुटलेला असतो, खोगीर पोटाखाली गेलेलं असतं. हॉबर्ट चालत आला. लगामाला नीट गाठ मारून तो खोगिराच्या मुठीला अडकवलेला होता. दोन्ही रिकिबी वर उचलून बैठकीवर एकमेकींवर टाकल्या होत्या, म्हणजे त्या घोड्याच्या कुशीला लागू नयेत. घोड्याला एकट्याला घरी पाठवायचं असेल तर जुनी माणसं असं करायची.

"ही गाठ रॉइसची नाही," डेल्फा म्हणाली. "त्याला लगामाची गाठ मारलेली खपत नाही."

रॉइस आम्हाला वरच्या पायवाटेवर सापडला, एका जुन्या पांढऱ्या ओकला टेकून बसलेला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती. हृदय एकदम थांबलं असणार, डॉक्टर म्हणाले, काही करायला वेळच मिळाला नसणार. मग गाठ कुणी मारली, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. मरणाच्या घरात असले प्रश्न विचारत नाहीत.

पुढच्या वसंतात डेल्फा येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिच्या मुलीने, शार्लीनने, फोनवर पुष्कळ आकांडतांडव केलं म्हणे. पण तिचा ट्रेलर आला आणि त्यात दोन्ही घोडे होते. हॉबर्टला तळावर एकटं ठेवलं की तो दोर तोडायचा, म्हणून ती पर्लवर बसायची आणि त्याचा दोर हातात धरून त्याला मागून न्यायची. खोगीर मात्र रॉइसचंच चढवायची.

"रिकाम्या पाठीने चालला तर त्याला उघडं उघडं वाटतं," ती म्हणाली. कुणाला वाटतं ते मी विचारलं नाही.

दोन-चार दिवसांनी ती कॉफीचा पेला घेऊन माझ्याकडे आली. चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच होतं. तरुण दिसत होती.

"वेंडल, उद्या माझ्याबरोबर चल. आणि तोंड बंद ठेवून नुसतं बघ."

आम्ही वरच्या पायवाटेने गेलो. त्या ओकपाशी हॉबर्ट थांबला. दोर ताणला गेला, पर्लही थांबली. वारा नव्हता. हॉबर्टने चारी पाय जरा फाकवून जमिनीत रोवले. घोड्यावर कुणी चढणार असलं की तो असाच उभा राहतो, तोल सांभाळायला. मग चामडं करकरलं. एका बाजूची रिकीब ताठ खाली ओढली गेली, खोगीर तिकडे कललं, क्षणभर तसंच राहिलं आणि सरळ झालं. हॉबर्टने नाकातून श्वास सोडला आणि चालू लागला. पण आता त्याची चाल जड झाली होती. मी त्याच्या मागेच होतो. चिखलातले त्याचे ठसे ओकच्या अलीकडे उथळ होते. पलीकडे त्यांच्यात पाणी साचत होतं.

मेबल तिथून पुढे जाईना. मी उतरून तिला ओढत नेलं.

तळावर आल्यावर डेल्फाने हॉबर्टचं खोगीर उतरवलं आणि मला बोलावलं. खोगिराखालची घोंगडी पिळून काढावी इतकी भिजली होती.

"रिकाम्या खोगिराने येतो का एवढा घाम?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. "म्हातारा पायी यायला कंटाळला असेल. आळशी मेला."

त्यानंतर ती रोज त्या वाटेने जायची. परतताना मागे वळून बोलत यायची, कुणाचं लग्न ठरलं, शार्लीनची मुलगी कशी नापास झाली, छपराची गळती अजून तशीच आहे. विस्तवापाशी ती दोन खुर्च्या मांडू लागली. बर्निसने आपली खुर्ची आणणं बंद केलं.

"मला तिची दया येते रे," बर्निस मला म्हणाली, "पण ती वाटेने येताना दिसली ना, की माझे घोडे सगळे एकदम माना वळवतात. तिच्याकडे नाही बघत. तिच्या मागे बघतात. आणि ती खोगीर उतरवते तेव्हा त्यांच्या माना हळूहळू त्या दुसऱ्या खुर्चीकडे वळतात. मी उद्या निघते."

ती खरंच निघाली. तळावर आम्ही तुरळक उरलो.

मला एक गोष्ट खुपत होती आणि ती सांगायची हिंमत होत नव्हती. शेवटी डेल्फाच्याच ध्यानात आलं. मी पुन्हा तिच्याबरोबर होतो. ओकपाशी हॉबर्ट थांबला, पाय रोवले, चामडं करकरलं. डेल्फा खोगिरात अर्धी वळून बघत होती, ओठांवर काहीतरी बोलणं तयार होतं. ते तिथेच राहिलं.

"वेंडल," जरा वेळाने ती म्हणाली, "खोगीर कुठे कललं?"

"डावीकडे."

"रोज?"

"मी पाहिलं तेव्हा तरी. दोन्ही वेळेला."

ती पुढे वळली. परतीच्या वाटेवर एक अक्षर बोलली नाही. मागून हॉबर्टच्या जड टापा येत होत्या, आणि मला आता त्या ऐकवत नव्हत्या. इतके दिवस ती जे काही बोलली होती, घरातलं, मनातलं, ते सगळं कुणीतरी तिच्या मागे बसून मुकाट ऐकलं होतं. रॉइसने नाही.

तळावर येऊन तिने घोडे बांधले, दुसरी खुर्ची मिटून ट्रेलरच्या पुढच्या, झोपायच्या भागात टाकली, आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी तिने विस्तव पेटवला नाही.

सकाळी दरीत दाट धुकं होतं. ती सामान आवरत असेल म्हणून मी मदतीला गेलो, तर ती हॉबर्टला खरारा करत होती. खोगीर कुंपणावर तयार होतं.

"डेल्फा, बाई, घरी जा," मी म्हणालो. "काय आहे ते तुला माहीत नाही."

"नाहीच माहीत. पण घोडं घरी कुणी पाठवलं ते आता माहीत आहे. रॉइस तिथे बसलेला असताना कुणीतरी रिकिबी वर घेतल्या, गाठ मारली. माझ्या जनावराची काळजी घेतली." तिने खोगीर चढवलं आणि त्याचा पोटाखालचा तंग ओढून आवळला. "आणि तो जो कोण आहे तो रोज माझ्याबरोबर इथवर येतो. का येतो? त्याला काय माझ्या कॉर्नब्रेडची भूक आहे? मी आयुष्यभर पोरं बसमधून सोडली आहेत, वेंडल. कुणी बसून राहिलं असलं तर त्याचा थांबा अजून आलेला नसतो."

तिला एकटीला जाऊ देणं मला जमलं नाही. मेबलला मी तळावरच ठेवलं आणि पायी निघालो.

ओकपाशी सगळं रोजच्यासारखंच झालं. धुक्यात फक्त ते करकरणं जास्त जवळ वाटलं. मग डेल्फाने पर्लवरून मागे वाकून हॉबर्टचा दोर सोडला, लगामाला गाठ मारली आणि तो मुठीला अडकवला.

"हं," ती त्या रिकाम्या बैठकीकडे बघत म्हणाली, "ने त्याला तुला जिथे जायचंय तिथे. आम्ही मागून येतो."

हॉबर्ट थोडा वेळ उभा राहिला. मग त्याची मान एका बाजूला वळली, लगाम ओढल्यावर वळते तशी, आणि तो पायवाट सोडून खाली रानात शिरला. त्याला तिथली वाट माहीत असण्याचं काहीच कारण नव्हतं. झुडपं दाट होती, पण तो जिथून जायचा तिथे त्यांच्यात एक फट असायची, जुन्या गाडीवाटेची. खाली खडकातून झरा वाहत होता. झऱ्यापलीकडे धुक्यात एक दगडी चूल उभी होती, वर धुराडं, आणि भोवती घर नाही. नुसता पायाच्या दगडांचा चौकोन. पुढ्यात एक सपाट पायरी आणि तिच्या दोन्ही बाजूंना पिवळी डॅफोडिल फुललेली, कुणीतरी हाताने ओळीत लावलेली.

पायरीसमोर हॉबर्ट थांबला. पाय रोवले. खोगीर डावीकडे कललं, रिकीब खाली गेली, मग सगळं सरळ झालं. आणि हॉबर्टने डोक्यापासून शेपटीपर्यंत अंग झाडलं, ओझं उतरल्यावर झाडतात तसं.

मी सांगतो ते एवढंच, जे पाहिलं ते. हॉबर्टचे कान पुढे होते. ते पायरीकडे वळले, मग चुलीकडे, मग जरा उजवीकडे, जिथे एखादी खिडकी असेल तिथे, आणि तिथे थांबले. त्या रिकाम्या चौकोनातून लाकूड जळाल्याचा वास आला. चुलीत तर नुसती ओली पानं दिसत होती.

डेल्फा पर्लवरून उतरली. पुढे गेली नाही. पायरीपासून जरा अंतरावर उभी राहून तिने टोपी काढली.

"आभारी आहे," ती म्हणाली. "घोड्याबद्दल."

कुणी उत्तर दिलं नाही, आणि दिलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले. धुक्याच्या आत कुठेतरी दाराच्या बिजागऱ्या वाजल्यासारखं काहीतरी झालं. पर्लने मान झटकली. डेल्फाने हॉबर्टचा दोर उचलला आणि आम्ही आलो त्या फटीतून वर चढलो. मी एकदाही मागे पाहिलं नाही. तिनेही पाहिलं नाही.

ओकपाशी आलो तेव्हा धुकं विरत होतं. हॉबर्ट हलक्या पावलाने सरळ पुढे चालला, थांबलाच नाही. थांबली ती डेल्फा. उतरली, रॉइस बसला होता तिथे खोडाला टेकून बसली आणि रडू लागली. त्याला पुरतानासुद्धा ती अशी रडली नव्हती.

"म्हणजे तो खरंच गेला रे, वेंडल," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, कसा का होईना, आहे."

मी तिच्याजवळ बसलो. दोन्ही घोडे आमच्या डोक्यावरून ओकचा पाला हुंगत उभे होते.

त्या उन्हाळ्यात तिने छप्पर दुरुस्त करून घेतलं. पानगळीत तळावर आली तेव्हा ती हॉबर्टवर स्वतः बसली आणि पर्लवर शार्लीनच्या मुलीला बसवलं. पुढे तळाची देखरेख करायला माणूस हवा होता, ते काम तिने घेतलं. आता येणाऱ्यांना जागा दाखवणं, लीद कुठे टाकायची ते ओरडून सांगणं, सैल बांधलेले दोर स्वतः आवळणं, हे तीच करते. बर्निसही परत येऊ लागली आहे.

मागच्या वसंतात जंगल खात्यातली एक तरुण बाई नवी पायवाट आखायला आली होती. नकाशावर तिची रेघ झऱ्यापलीकडून, त्या चुलीशेजारून जात होती. लोकांना जुनी जागा बघायला आवडेल, ती म्हणाली.

"तिथून नको," डेल्फा म्हणाली. "तिथे घर आहे."

"होतं," ती बाई हसून म्हणाली.

डेल्फा नुसती तिच्याकडे बघत राहिली. त्या बाईने खोडरबर काढलं आणि रेघ झऱ्याच्या अलीकडून नेली.