जे सापडत नाही त्याची मोजणी

दोन हजार दहानंतरची काही वर्षं मी पनवेलच्या एका दवाखान्यात संशोधनाच्या कामावर होते. जन्मापासून एचआयव्ही असलेल्या मुलांचं रक्त घ्यायचं आणि ते दुपारच्या आत मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. रोजच्या गोळ्यांमुळे या मुलांच्या रक्तात विषाणू तपासणीला दिसतही नसे. पण तो गेलेला नसतो, काही पेशींत झोपून राहतो. असा झोपलेला किती, हे शास्त्रज्ञांना मोजायचं होतं. पालकांना समजावं म्हणून त्यांनी मराठी पत्रक पाठवलं, त्याचं शीर्षक ‘सुप्त विषाणूसाठ्याचे परिमाणन’. मराठी लांबून पाहिलेल्या कुणीतरी ते लिहिलं असावं. मुलांना या सेवेबद्दल ज्यूसचं पाकीट आणि बिस्किटाचा पुडा मिळे. विज्ञान इतकं उदार असतं.

रक्त घ्यायच्या मुलांची माझी यादी मात्र चोख होती. उरणजवळच्या करंजाची एक तेरा वर्षांची मुलगी त्या यादीत पहिली होती. आईवडील गेलेले. आजी बंदरावर लिलावात मासळी घेऊन उरणच्या बाजारात विकायची आणि नातीला सांभाळायची. नातीने तीन वर्षांत एक गोळी चुकवली नव्हती. तिचा तपासणीचा कागद आला तेव्हा मी आजीला हसून म्हणाले, काही सापडलं नाही. ‘अहवाल समजावला’ या रकान्यात टिक केली आणि पुढच्या नावाला हाक मारली. पूर्ण वेळ दीड मिनिट. माझा वक्तशीरपणा दवाखान्यात प्रसिद्ध होता.

महिन्याभराने दोघी रक्त द्यायला आल्या. आजीने टेबलावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला आणि त्याच्या शेजारी गोळ्यांची बाटली. मी सवयीने गोळ्या मोजल्या. एकोणीस जास्त.

आजीने शांतपणे सांगितलं, की देवीला नवस बोलली होती, नात बरी झाली म्हणून तो फेडला, जिची मासळी घेते त्या बोटीवरच्या सगळ्यांना जेवण घातलं. नवस फेडल्यावर औषध चालू ठेवणं म्हणजे देवीवर भरवसा नाही असं झालं असतं. उरलेल्या गोळ्या दुसऱ्या गरजू पोराला द्याव्यात म्हणून तिने जपून आणल्या होत्या. रागावायला मी तोंड उघडलं, पण समोरच्या फाइलीत माझीच टिक होती.

मुलगी म्हणाली, “नाय सापडला, तर मग येवढ्या नळ्या रगत कशाला?”

अख्ख्या प्रकल्पात हा प्रश्न विचारणारी ती पहिली.

“दिसत नाही म्हणूनच. लपून बसलाय. गोळी थांबली की उठतो.”

“मना सांगितला नाय कोनी.” ती आजीकडे न बघता म्हणाली. “गोली बंद झाली तवा बरा वाटत होता. उलटी नाय, काय नाय.”

आजी माझ्याकडे बघत होती. “म्हंजे देवीनं आर्दाच आयकला?”

संशोधनावर देखरेख करणाऱ्या नीतिसमितीने मंजूर केलेल्या उत्तरांत याला उत्तर नव्हतं. “देवीने त्याला झोपवलाय, आजी,” मी म्हणाले. “राखण गोळीने करायची.” असलं काही बोलताना सापडले असते तर नोकरी गेली असती.

“कवापरत?”

“माहीत नाही. आम्ही मोजतोय ते त्यासाठीच. किती लपलाय ते कळलं, तर कधीतरी बाहेर काढता येईल.”

“मंग मोजा की. मी लिलाव सोरून आलेय.”

ते मात्र जमणार नव्हतं. गोळ्यांत खंड पडला, की मूल अभ्यासातून बाद. नियम फार स्पष्ट होता, कारण तो मीच टाइप केला होता. सहा महिने नियमित गोळ्या, मग पुन्हा विचार. आजीला ते अजिबात पटलं नाही. एवढ्या लांबून आणलेलं रक्त कोणी परत पाठवतं का, असं तिने दोनदा विचारलं.

डॉक्टरांनी मुलीला तपासलं, साधी तपासणी पुन्हा लिहून दिली आणि गोळ्या आजच चालू करा म्हणाले. तिने बाटली उघडली, ज्यूसबरोबर एक गिळली आणि तोंड वाकडं केलं.

“मोजाल तवा मना सांगाल ना, किती हाय तो?”

संमतीपत्राच्या चौथ्या पानावर छापलं होतं, की निकाल मुलांना कळवले जाणार नाहीत.

“सांगेन,” मी म्हणाले.