पहिले मले उतरू दे

भाताच्या रोवणीच्या दिवशी सगुणाबाईच्या आधी चिखलाच्या बांधीत कोणी पाय टाकायचा नाही, हा तिच्या टोळीचा नियम होता. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या गावात बायका पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या घेऊन धुऱ्यावर, कडेच्या बांधावर, थांबत. सगुणाबाई लुगडं खोचून एकटी चिखलात उतरायची, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यापर्यंत चालत जायची आणि मग 'या' म्हणून हात वर करायची. खड्डा, काच, साप, जे असेल ते आधी तिच्या पायाला लागावं. तिची धाकटी बहीण अशाच बांधीत साप चावून गेली होती.

"बाई, साप तुले पाहूनच पळून राहिले," टोळीतली पार्बता म्हणायची.

"मंग तू कायले धुऱ्यावर उभी हायस? उतर ना वं!"

पार्बता कधी उतरली नाही.

घरातही तेच. मुलगी रेखा लहानपणापासून सिकलसेल या रक्ताच्या आजाराची रुग्ण. तिच्या प्रत्येक नव्या औषधाचा थेंब सगुणाबाई आधी स्वतःच्या जिभेवर ठेवायची. "पहिले मले उतरू दे," हे वाक्य ती तिथेही वापरायची.

नागपूरच्या डॉक्टरांनी रेखाला तिच्या सख्ख्या भावाच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, द्यायचं सुचवलं. भावाच्या पेशी जुळल्या होत्या; हे भाग्य सगळ्यांना मिळत नाही. रक्त नव्याने तयार होणार होतं. पण त्याआधी रेखाची स्वतःची मज्जा औषधांनी संपवावी लागणार होती आणि त्या काळात साधा तापही जीव घेऊ शकत होता. सगुणाबाई काचेच्या खोलीबाहेर बसून होती; गावचा वार्ताहर म्हणून मी सोबत गेलो होतो. "पेपरवाले भाऊ," ती मला म्हणाली, "इथं मले पहिले उतरता येत नाई."

रेखा वाचली. सिकलसेलच्या जीवघेण्या कळा थांबल्या. मात्र आजाराने तिच्या खुब्याच्या हाडाचा गोळा आधीच खचवला होता. नवं रक्त मिळालं तरी खचलेलं हाड परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सांधा बदलणं हाच उपाय होता. पोरीच्या अंगात लोखंड बसवायचं म्हटलं की सगुणाबाईचा चेहरा पांढरा पडायचा.

अशात गोंदियात एक माणूस भेटला. दुकानावरच्या खोलीत त्याचं शिबिर होतं. "माताजी, वही स्टेम सेल है. इसी के पेट की चरबी से निकालेंगे, कूल्हे में डालेंगे. हड्डी नयी!"

मी नागपूरला फोन केला. रक्ताच्या आजारात जे सिद्ध झालं, ते खुब्यालाही लागू पडेल असं नाही, डॉक्टर म्हणाले. त्यावर अभ्यास चालू आहेत, पण रेखाचं हाड त्या टप्प्याच्या पुढे गेलं आहे. आणि अशा खोलीत तर सुईसुद्धा टोचून घेऊ नये. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

"रेखाच्या रक्तालेबी गावातले सारे नाईच म्हनत होते," सगुणाबाई म्हणाली. "तवा कोन बरोबर निंगालं? एका बांधीत लागलं, तं दुसऱ्या बांधीत काऊन नाई लागनार?"

मी पुन्हा समजावलं. तिने ऐकून घेतलं, मान हलवली आणि शिबिरात रेखाच्या आधी स्वतःचं नाव दिलं. रोवण्या करून तिचे गुडघे गेलेच होते. रेखा अडवायला लागली, तेव्हा ती म्हणाली, "तू धुऱ्यावर राय. पहिले मले उतरू दे."

सुई टोचलेला गुडघा सुजला. मग ताप चढला. "औषध काम करून राहिलं," असं ती सगळ्यांना सांगत राहिली. रेखा तेवढी तिच्या अंगाचा चटका ओळखून होती. गोंदियाच्या दवाखान्यात गुडघा उघडला तेव्हा आत पू होता, आणि विष रक्तात पसरलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा तिचे ओठ कोरडे पडले होते. नजर मात्र रेखावर होती.

"तुह्या सुईचं नाव काटलं का?"

"काटलं, आई."

"पक्कं?"

"पक्कं."

तिने हात थोडा वर केला. पण या वेळी 'या' म्हणण्यासाठी नाही. तळवा रेखाकडे करून, थांब म्हणण्यासाठी. पहाटे ती गेली.

रेखाने नंतर नागपूरला सांधा बदलून घेतला. आता ती काठी न घेता चालते.

यंदाच्या रोवणीला मी त्या वावराजवळून जात होतो. चिखल तयार होता, पेंढ्या पडल्या होत्या, आणि पार्बतासकट सगळी टोळी धुऱ्यावर उभी होती. बांधीत कोणीच उतरत नव्हतं.