आतून उघडणारं दार

आमच्या रेणापूरच्या घरात एकाही दाराला कडी नव्हती. होत्या तेवढ्या माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, भूकंपानंतर उपसून पत्र्याच्या डब्यात टाकल्या होत्या. न्हाणीघराचीही सोडली नाही. आत असेल त्यानं तांब्या वाजवत राहायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पाहुणे मुक्कामाला येत आणि पारोसेच परत जात.

कारण होतं. आबांची थोरली बहीण, अक्का, औशाच्या पलीकडं राहायच्या. भूकंपात त्यांच्या घराची चौकट तिरपी झाली आणि आतली कडी अडकून बसली. आबा जीप घेऊन पोचले तेव्हा अक्का आतून हाका मारत होत्या. चारचौघांनी चौकट फोडली, त्यांना बाहेर काढलं. अक्कांनी धूळ झटकून चहा मागितला. कडीची धास्ती घेतली ती आबांनी.

जीपलाही तोच कायदा. जुनी गाडी, तिला नंतर बसवलेली पत्र्याची दारं. बाहेरची हँडलं झिजून नुसती गोल फिरायची, आतली तर कधीच गळून पडली होती. आबा दारं सुतळीनं बांधत. ओढली की सुटेल अशी गाठ त्यांना जमायची. कुणी कुलपाचं नाव काढलं की म्हणत, "गाठ बरी. ती रुसत न्हाई."

पुढं लातूरला जिकडंतिकडं क्लास निघाले. माझी मुलगी अकरावीत होती. तिला आणि गल्लीतल्या तीन मुलींना सकाळी क्लासला मी जीपमधून नेऊ लागले, कारण त्या वेळेला एसटी नसे. एकदा वळणावर गाठ सुटली, दार सताड उघडलं आणि एकीचं दप्तर रस्त्यावर गेलं. पोरगी दांडा धरून होती म्हणून वाचली.

संध्याकाळी तिचे वडील आमच्या ओट्यावर येऊन बसले. "वैनी, तुमच्या हातावर भरोसा हाय, त्या दारावर न्हाई. दार नीट करा, न्हाईतर पोरगी घरीच बसंल." बाकी दोघींच्या घरीही तीच भाषा. एकदा घरी बसलेली मुलगी पुन्हा क्लासला जात नाही, हे मला ठाऊक होतं.

मी आबांना सांगितलं, उद्या गाडी मिस्त्रीकडं.

"पोरी कोंडायच्या का?"

"कोंडायच्या नाहीत, आबा. पडू द्यायच्या नाहीत."

आबा तोंड फुगवून बरोबर आले.

लातूरच्या मिस्त्रीनं दारं हलवून बघितली. बिजागऱ्या झिजून दारं खाली बसली होती, त्यामुळं खटका खोबणीत जातच नव्हता. त्यानं दारं उचलून घेतली, नवे खटके बसवले, बाहेरून किल्लीची हँडलं लावली. आतली मात्र बाजारात मिळेनात. "खिडकीतनं हात बाहेर घालून उघडायचं, आबा. समदे तसंच करत्यात."

"अन् काच वर असली तर? काढ ते कुलूप."

मला राग आला होता. पण मिस्त्री खमका निघाला. "काढत न्हाई. आतून ओढायला कायतरी आणून द्या, खटक्याला जोडून देतो. मग बाहेरून किल्ली लावली तरी आतून उघडंल."

दुसऱ्या दिवशी आबा कड्यांचा डबाच घेऊन आले. मिस्त्रीनं प्रत्येक दाराला आतून एकेक कडी जोडली; माझ्या बाजूच्या दाराला न्हाणीघराची लागली. ती ओढली की खटका मागं सरायचा.

एवढ्यानं आबांचं समाधान होईना. त्यांनी अक्कांना बोलावून घेतलं आणि जीपमध्ये बसवलं. काच वर. बाहेरून किल्ली मी लावली. बघायला गल्ली जमलेली, त्यात तिन्ही मुलींचे बापही.

अक्का काही हलेनात.

"अक्का, उघड की! अडकलं का?"

आतून आवाज आला, "थांब की रे. बसू दे जरा. गादी बरी हाय."

मग खट् झालं, दार उघडलं. आबा तिथंच दगडावर बसले आणि अक्का उतरता उतरता म्हणाल्या, "आता न्हाणीलाबी कडी लाव, बाबा. तुझ्या घरी आंघोळ म्हंजे नुसता बँडबाजा."

सकाळी चौघी मुली जीपमध्ये होत्या. त्याच आठवड्यात न्हाणीघराला नवी कडी लागली. किती वर्षांनी मी तांब्या न वाजवता आंघोळ केली!

आबा आता नाहीत. जीपही विकली. घेणारा म्हणाला, ही कडी भलतीच दिसते, काढून देऊ का? मी म्हटलं, काढाल तर आत अडकून बसाल.

मला आठवतात ते नांदेडच्या वसतिगृहातले आबा. बारावीनंतर आम्ही मुलीला तिथं सोडायला गेलो होतो. मेस कशी, पाणी कधी येतं, हे मी विचारत होते. आबा खोलीत शिरले, दार लोटलं आणि आतून कडी लावली. स्वतःच्या हातानं. मुलगी आणि मी बाहेर. आतून काहीच आवाज येईना, तशी ती घाबरली.

"आबा? उघडतंय ना?"

"थांब की," आबा आतून म्हणाले, "बसू दे जरा."