ड्रायव्हर साइडचा ब्रेक

मंडळी, कराडच्या मामांचा जुना ट्रक महिनाभर उभा आहे. त्याचा ब्रेक घट्ट-सैल करणारा अ‍ॅडजस्टर बिघडलाय आणि तो पार्ट आता बनतच नाही. आज इथे परदेशात, टिलबर्गजवळच्या एका भंगारवाल्याकडे तसाच ट्रक सापडला. उद्या मित्र पुण्याला निघतोय, त्याच्यासोबत पार्ट पाठवायचा होता.

मामांना फोन करून विचारलं, "डावा की उजवा?"

"ड्रायव्हर साइडचा, लेका! किती वेळा विचारशील?"

भंगारवाल्याने ड्रायव्हरच्या बाजूचा काढून दिला. तरी मी मामांकडून फोटो मागवलाच. फोटोतला पार्ट उलट्या बाजूला वळलेला होता. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, कराडात उजवीकडे!

भंगारवाल्याने कुरकुरत उजवा काढला. मामा म्हणाले, "बरं झालं, तू भित्रा आहेस."

तुमच्या घरी पुन्हा पुन्हा विचारणाऱ्याला काय म्हणतात?