राख कोणी बघितली?

"खुर्चीतून उठायचं नाही, आधीच सांगून ठेवते."

"आणि लघवीला?"

"हाक मारा. मी येते."

"लोक हसतील की गं. बायको नवऱ्याला धरून मुतायला नेते म्हणून."

"हसू देत. खाली पोराच्या घरी जाऊन पॅसेजात झोपण्यापेक्षा लोक हसलेले परवडले. आणि राखेकडं फिरकायचं नाही. ऐकू आलं का?"

ड्रायव्हरनं मान हलवली. काकूनं संडास घासायचा ब्रश बादलीत टाकला, हातमोजे कमरेला खोचले आणि ती उतारावरून खाली गेली.

डोंगरातल्या जंगलात तंबू ठोकून राहायची ती जागा होती. बर्फ वितळला की उघडायची, पुन्हा पडायला लागला की बंद व्हायची. तेवढ्या दिवसांसाठी तिथं राहून जागा सांभाळायचं काम जंगलखातं एखाद्या जोडप्याला द्यायचं. जोडप्यालाच. एकट्या माणसाला नाही, दोघा भावांना नाही, मायलेकींना नाही. एकटा माणूस जंगलात पिऊन पडतो नाहीतर वेडा होतो, असं खात्याचं मत. नवरा-बायको एकत्र राहून काय होतात, ते खात्यानं कधी विचारलं नव्हतं.

ड्रायव्हर म्हणजे जन्मभर बस चालवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर दोघांना हे काम मिळालं. फाटकाजवळ लाकडाची एक खोली, तिच्यात पलंग, चूल, खिडकीला जाळी. काकूला ती खोली जिवापाड आवडायची. शहरातली भाड्याची खोली त्यांनी सोडून दिली होती. हिवाळ्यात पोराकडं राहायचं आणि बर्फ कधी वितळतोय याची वाट बघायची. सून वाईट नव्हती. पण घर टीचभर, आणि पाय पसरायला जागा नसली की चांगल्या माणसांनासुद्धा नखं फुटतात. कपाटांची दारं आपटायला लागली की काकू गच्चीवर जाऊन बसायची.

कामाची वाटणी पहिल्यापासून ठरलेली. पाहुण्यांशी गोड बोलायचं, गाड्या लावून घ्यायच्या, संध्याकाळी शेकोटीशी बसून घाटातल्या बसचे किस्से सांगायचे ते ड्रायव्हरनं. संडास, नळ, कचरा आणि राख काकूनं. उंटावरून शेळ्या हाकणारा नवरा, असं ती त्याला तोंडावर म्हणायची, आणि तो खुशाल हसायचा.

राखेचं काम सोपं दिसतं, पण नाही. तंबू काढून पाहुणे निघाले की त्यांच्या दगडी चुलीत पाणी ओतायचं, काठीनं ढवळायचं, पुन्हा ओतायचं. मग हातमोजा काढून उघडा हात तळापर्यंत घालायचा आणि थोडा वेळ तसाच ठेवायचा. हात टिकला तर विझली म्हणायची. वरून काळी थंड दिसणारी राख पोटात निखारा धरून बसलेली असते. आजूबाजूला पाइनच्या वाळक्या सुयांचा थर, त्यात एक ठिणगी पडली की संपलं. त्यांच्या आधीच्या जोडप्यातल्या म्हातारीनं काकूला बजावलं होतं, "डोळ्याचं ऐकू नकोस. हाताचं ऐक."

गेल्या हिवाळ्यात ड्रायव्हरच्या अंगावरून वारं गेलं. तोंड सरळ झालं, पायही बऱ्यापैकी सावरला. उजवा हात हलायचा, मूठ वळायची, पण त्या हाताला कळायचं काहीच नाही. गार नाही, गरम नाही, टोचलेलं नाही. डॉक्टरनं चुलीपाशी जाऊ देऊ नका म्हणून सांगितलं. काकूनं हे कुणाला कळू दिलं नाही. अपंग माणसाचं जोडपं खात्याला चालत नाही. हंगाम सुरू करायला खात्याचा साहेब आला, ड्रायव्हरनं हात मिळवला, आणि किती दाबतोय हे कळत नसल्यामुळं असा दाबला की साहेब कळवळला.

"काका, पकड अजून वाघाची आहे हो!"

काकूला हसावं का रडावं कळेना.

तर त्या दिवशी काकू संडास घासत होती आणि वरच्या बाजूचं एक कुटुंब निघायच्या तयारीत होतं. त्यातली बाई जाता जाता ड्रायव्हरला म्हणाली, "काका, मजा आहे बुवा तुमची! काकू मरमर राबतायत आणि तुम्ही खुर्चीत राजे."

तिनं थट्टेनं म्हटलं. पण त्याला झोंबलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत. उठला, पाय ओढत त्यांच्या चुलीपाशी गेला, पाणी ओतलं, ढवळलं आणि त्या कुटुंबादेखत हात घातला. डावा घालायचा, एवढं सुचलं असतं तर भागलं असतं. पण जन्मभर जो हात पुढं केला तोच आपसूक पुढं गेला. चांगला दाबून धरला. मग बाहेर काढून म्हणाला, "थंडगार. निघा बिनघोर."

काकू वर आली तेव्हा ते कुटुंब निघून गेलं होतं आणि तो खुर्चीत बसून शीळ घालत होता. तिला आधी वास आला.

"हात दाखवा."

"काय झालंय हाताला?"

तळव्याची कातडी सुटली होती. बोटांवर फोड टरारले होते. तो स्वतःच्या हाताकडं दुसऱ्याच्या हाताकडं बघावं तसा बघत राहिला. ती पळतच वरच्या रिकाम्या चुलीकडं गेली. वाऱ्यानं निखारा सुयांत टाकला होता. जमीन भडाभडा पेटत शेजारच्या तंबूकडं सरकत होती. तिनं ओलं पोतं हाणलं, पाहुण्यांनी बादल्या ओतल्या. आग विझली. शेजारचा तंबू मात्र एका बाजूनं जळाला, आणि तंबूवाल्यानं तिथूनच कचेरीत फोन लावला.

साहेब यायच्या आत तिनं ड्रायव्हरच्या हाताला मलम लावून फडकं गुंडाळलं. ती म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका. माझ्याकडून राहिलं म्हणून मी सांगते. शिव्या खाईन. हाताचं कळलं तर दोघं आजच खाली."

साहेब आला. पाहुणे गोळा झाले. जळका पट्टा बघून त्यानं विचारलं, "या चुलीची राख कोणी बघितली?"

काकूनं तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"हिनं."

ती वळली. ड्रायव्हर साहेबाकडं बघत होता. "मी म्हटलं होतं तिला, नीट बघ म्हणून. पण बायकांना घाई फार. वरवर चाचपते आणि चालली."

"आणि तुमच्या हाताला काय झालं?"

"आग विझवताना भाजला. त्याचं काय एवढं."

साहेबाचा चेहरा मऊ झाला. त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. मग काकूकडं वळून सगळ्यांसमोर तिला झापलं. जंगल म्हणजे काय, निष्काळजीपणा म्हणजे काय, कितीतरी वेळ सांगत राहिला. "खरं म्हणजे आजच खाली पाठवायला हवं. काकांकडं बघून ठेवतोय. यापुढं राख फक्त काका बघतील. तुम्ही संडास सांभाळा. तेवढं तरी जमेल ना?"

"जमेल," काकू म्हणाली.

गाडी गेली. पाहुणे पांगले. काकू खुर्चीसमोर येऊन उभी राहिली.

"अगं, मग काय करायला हवं होतं? तूच तर म्हणालीस, माझ्यावर घेते म्हणून."

"मी घेणार होते. तुम्ही का दिलंत?"

"एकच की ते."

"एक नाही. आणि ‘हिनं’ एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. बायकांना घाई, वरवर चाचपते, हे कशाला?"

"साहेबाला पटायला नको?"

पटलं होतं. खोली राहिली होती, हंगाम राहिला होता. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, त्यामुळं तिला भांडायलाही जागा उरली नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

"पोराच्या घरी मी तुमचं अंग पुसत होते ना," ती म्हणाली, "तेव्हा घाई केली का कधी?"

तो फडक्याची गाठ सोडू बघत होता, सुटत नव्हती.

तेवढ्यात ओढ्याकडच्या तंबूतून हाक आली, "काका, आम्ही निघतोय! राख तुम्हालाच दाखवायची ना?"

ड्रायव्हर उठला. सदरा सारखा केला. चेहऱ्यावर ते जुनं पाहुण्यांपुढचं हसू आणलं.

"डावा," ती दातांतल्या दातांत म्हणाली. "डावा हात घाला."

तो गेला. पाणी ओतताना तो आग कशी विझवली ते सांगायला लागला होता, आणि निघालेली माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकत होती. काकू तशीच उभी राहिली. तो वाकला, डावा हात राखेत गेला, तोंड वाकडं करून त्यानं झटकन बाहेर काढला आणि आणखी पाणी मागितलं. तेव्हा तिनं श्वास सोडला.

"काकू," मागून कोणीतरी म्हणालं, "त्या शेवटच्या संडासात पाणी येत नाहीये. आणि घाण केलीय कुणीतरी."

तिनं बादली उचलली.

"येते," म्हणाली.